उष्टी पाने

पोलादपूरच्या सहभोजनाला मी नऊ महिन्यांची लेक कडेवर घेऊन गेले. महाडच्या आमच्या तरुण मंडळात पदवीधर बाई मी एकटीच. फोटोसाठी हवीच होते. मंडळाचे चिटणीस दत्ताराम जातिभेद कसा नष्ट होईल यावर बराच वेळ बोलले. महारवाड्यातली माणसे उन्हात बसून ऐकत होती. चिटणीसांच्या डोक्यावर छत्री होती.

वाडीने नुकतेच ठरवले होते, गावच्या कार्यातली उष्टी पाने यापुढे उचलायची नाहीत. गावानेही बजावले होते, मग खळ्यावरचे बलुत्याचे धान्य विसरा. वाडी माघार कधी घेते ते पाहायला गावकरी बांधावर येऊन उभेच होते.

एका पंगतीत सगळे जेवलो. मी लेकीच्या तोंडावरच्या माश्या हाकलत होते. साथीचे दिवस, पाणीसुद्धा घरून उकळून आणलेले.

हात धुऊन दत्ताराम म्हणाले, "भागोजी, पाने तेवढी आटपून घ्या. मोटार निघेल आमची."

वाडीतला भागोजी जागचा हलला नाही. बांधावर हशा पिकला. "उचल रे भागोजी! जेवलास ना बरोबरीनं? आता उचल!"

आपण काय बोललो, ते दत्तारामांना तरीही कळले नाही. "दोन मिनिटांचं तर काम," ते मला म्हणाले.

"मग तुम्ही करा."

"मी? वहिनी, मला अहवाल लिहायचाय!"

बाकीचे कार्यकर्ते धोतराचे सोगे सावरत आभाळ बघू लागले. माणसे समान आहेत हे सगळ्यांना पटलेले. जेवल्यावर आपले पान आपण उचलावे, हे एकाच्याही आईने शिकवलेले नव्हते.

भागोजीची बायको राहीबाई माझ्यापुढे आली. तिने हात पसरले. "बाय, पोर द्या माज्याकडं. तुमचे हात मोकले व्हतील."

माझी मिठी घट्ट झाली. साथ आठवली, सासूबाई आठवल्या. बांधावर आता कुणी हसत नव्हते. राहीबाईचे हात तसेच पसरलेले.

मी लेक दिली आणि वाकले. पहिली पत्रावळ दत्तारामांचीच, अर्धी जिलबी टाकलेली.

"बामणाची बाय उष्टी काढते रे!" बांधावरून कुणीतरी ओरडले. पण वाडीतले कुणी उठले नाही, आणि हसायला आलेले एकेक करून पांगले.

मग आमच्यातले दोघे आले. मेलेला उंदीर धरावा तशी दोन बोटांनी पाने धरत होते. पाने कशी दुमडावीत, हे दत्ताराम छत्रीखालून सांगत होते.

"बघ गो, बघ," राहीबाई माझ्या लेकीला नाचवत होती. "तुजी आय काम शिकतेय."

मोटारीचा भोंगा वाजला. "अरे, फोटो राहिला!" म्हणत दत्ताराम मोटार थांबवायला पळाले. आमची अर्धी पंगत अजून उचलायची होती.