बांधावरचे डबे

युद्ध संपून काही महिन्यांनी अल्ताफ रजेवर इंदापूरला आला तशी आईनं त्याच्या मागं भुणभुण लावली, सांगवीला जाऊन ये, बुद्धघोषच्या घरी. दोघं बरोबरच भरती झालेले, एकाच कंपनीतले. आणि नव्याण्णवच्या त्या डोंगरावरून बुद्धघोष काही परत आला नव्हता. जायला हवंच होतं. पण अल्ताफला कशाचंच काही वाटत नव्हतं. रडू येत नव्हतं, आईनं हौसेनं केलेलं मटण चोथ्यासारखं लागत होतं.

सांगवीच्या वेशीवर कमान उभी राहत होती. पेंटर शिडीवर चढून रंगवत होता, 'शिखर जिंकणारा वीर बुद्धघोष'. सरपंच आप्पासाहेबांनी अल्ताफला कवेतच घेतलं.

"सगळ्यांच्या म्होरं गेलता आमचा वाघ! पार बंकरच्या तोंडाशी घावला, तुमच्या सायबानंच सांगितलं. उद्या कार्यक्रम हाय, दोन शब्द तुमी बोलायचं."

अल्ताफ हो म्हणाला. हो म्हणायला काय लागतं!

खरं काय ते त्याला ठाऊक होतं. त्यांच्या कंपनीला शिखर घ्यायचंच नव्हतं मुळी. समोरून गोळीबार करायचा, आरडाओरडा करायचा, खरा हल्ला इथूनच होतोय असं भासवायचं. तेवढ्यात दुसरी कंपनी मागच्या कड्यानं वर चढणार. बेत फुटू नये म्हणून जवानांनाही सांगितलं नव्हतं. अल्ताफ वायरलेसवर होता म्हणून त्याच्या कानावर आलं, आणि साहेबानं तिथल्या तिथं दटावलं, ब्र काढायचा नाही. त्यानं नाही काढला. बुद्धघोष त्याच्याकडून पाण्याचा घोट घेऊन पुढं गेला, तेव्हाही नाही. बेत मात्र अगदी मनासारखा पार पडला. झालं!

बुद्धघोषचे वडील, ज्ञानूतात्या, फडावर भेटले. ऊसतोड संपत आली होती. मधे उभ्या राहिलेल्या तुकड्यात रानडुकरं दडली होती. एका बांधावर गडी पत्र्याचे डबे बडवत होते, पलीकडच्या अंगाला बाकीचे काठ्या नि कुत्री घेऊन गप बसले होते. डुकरं आवाजाला भिऊन तिकडंच पळणार.

अल्ताफ बघत राहिला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "तात्या, आम्हीपण डबेच वाजवत होतो."

मग त्यानं सगळं सांगितलं. एक गोष्ट सोडून. लाज वाटावी, तर तीही वाटेना.

तात्यांनी ऐकून घेतलं. "आमच्यात डबेवाल्याला आधी सांगत्यात," ते म्हणाले. "डुक्कर उलटलं तर पयलं त्याच्याच अंगावर येतंय. माझ्या पोराला ठाऊक हुतं?"

"होतं की. मीच सांगितलं त्याला."

तात्या बांधावर टेकले. डब्यांचा दणका चाललाच होता.

"ल्हानपनी ह्याच बांधावर डबा वाजवायचा त्यो," ते म्हणाले. "डबेवाल्यानं बांध सोडायचा न्हाय, हे मीच शिकवलं त्याला. ठाऊक असतं, तर बंकरच्या तोंडाशी कशाला गेला असता रं?"

तात्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी दिली नाही.

"त्याची आय इचारल आता," ते उठत म्हणाले.

"काय सांगू?"

"कमानीवर लिवलंय ते सांग. आन् जेवल्याबिगर जायचं न्हाय."

घरी तुळसाबाईंनी भाकरी वाढली आणि समोरच बसल्या. बुद्धघोषची आई त्या. किती दिवस त्याच्या संगतीतलं कुणीतरी येईल म्हणून वाट बघत होत्या.

"शिखर त्यानंच घेतलं नव्हं?"

अल्ताफचा घास हातातच राहिला. तात्या त्याच्याच पंगतीला बसले होते. मान वर न करता तेच म्हणाले, "त्यानंच घेतलं. हा हुता की संगं. ह्यानं डोळ्यांनी बघितलंय."

तुळसाबाई अल्ताफच्या डोळ्यांकडे बघत राहिल्या. त्यानं मान हलवली. मग त्यांनी अजून एक भाकरी त्याच्या ताटात टाकली, आणि त्यानं ती खाल्ली.