धवलेरीचं गाणं कुणाचं

नोटीस आली तेव्हा भाग्यश्री सरावलीच्या घरी पोळ्या लाटत होती. तिच्या नवऱ्याने, विनोदने, फोन तिच्यापुढे धरला. "वाच. तुझंच नाव आहे."

भाग्यश्री बोईसरच्या एका कॉलेजात शिकवायची. सुट्टीच्या दिवशी ती, हेतल आणि सुजित असे तिघं मिळून जुनी पुस्तकं, गाणी, गोष्टी इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली करत. यंदा कॉपीराइट कायद्यात काय बदल हवेत यावर सरकारी समिती पालघरला सुनावणी घेणार होती. त्यासाठी त्यांनी जिल्ह्यात दांडीपासून मनोरपर्यंत फिरून सह्या जमवल्या होत्या. मागणी एवढीच, की पिढ्यान्‌पिढ्या लोक गात आलेल्या गाण्यांवर कुठल्या कंपनीला मालकी सांगता येऊ नये.

मागणी सुचली ती बुधीमुळे. बुधी मनोरजवळच्या पाड्यावरची धवलेरी, म्हणजे गाणी गाऊन वारली आदिवासींची लग्नं लावणारी. तिला विचारून तिघांनी तिचं गाणं रेकॉर्ड केलं आणि खुलं ठेवलं. थोड्याच दिवसांत ते काढून टाकलं गेलं. एका कॅसेट कंपनीने पूर्वी पाड्यावर येऊन तेच गाणं तिच्याकडून भरून घेतलं होतं आणि आता ते आपलं म्हणत होती. भाग्यश्रीने हरकत घेतली, त्याचं उत्तर ही नोटीस. गाणं परत चढवलं किंवा त्याबद्दल जाहीर बोललात, तर फौजदारी गुन्हा दाखल करू.

"माझ्या गेटपासचं पोलीस व्हेरिफिकेशन चालू आहे," कारखान्यात कंत्राटी वेल्डर असलेला विनोद म्हणाला. "घरात केस निघाली तर मला आत कोण घेईल?" त्याने आवाज चढवला नव्हता. नुसता ओट्यावरचं पीठ पुसत राहिला, पुसून झालेलं पुन्हा.

सुजितने त्याच दिवशी हे काम सोडलं. "ताई, माझी आई फार घाबरलीय," एवढंच म्हणाला.

मग बुधीच्या मुलाचा, जिवल्याचा फोन आला. "मॅडम, गाडी आलेली. दोन माणसं, एकाच्या कपाळावर व्रण. परत गायलीस तर आत टाकतील, असं आयला सांगून गेली."

भाग्यश्री आणि हेतल स्कूटरवरून पाड्यावर पोहोचल्या. बुधी घराच्या मागच्या बाजूला, कुडाच्या भिंतीला टेकून बसली होती.

"बाय, मी गाणं चोरलं काय?"

"नाही हो, बुधीबाय. गाणं तुमचंच आहे."

"मंग ती माणसं आमचं घर बघून का गेली?"

पुढच्या आठवड्यात जिवल्याच्या मुलीचं, बायडीचं लग्न होतं. मी गाणार नाय, दुसरी बघा, असं बुधीने सांगून टाकलं होतं. जिवल्या दोन गावं फिरला. पण गाडीची बातमी तिथंही पोचली होती, आणि कुठलीच धवलेरी यायला तयार नव्हती.

सुनावणीच्या दिवशी सभागृहात शिरताना हेतलने भाग्यश्रीचा हात घट्ट धरला. मागच्या रांगेत कपाळावर व्रण असलेला माणूस बसला होता. जिवल्याने सांगितलेला तोच. बोलायला उठणाऱ्या प्रत्येकाचा तो फोनवर फोटो काढत होता.

भाग्यश्रीचं नाव पुकारलं. तिने गाण्याची सगळी हकीकत सांगितली.

"गाणाऱ्या बाईचं नाव सांगा," अध्यक्ष म्हणाले. "नावाशिवाय आम्ही काय नोंदवणार?"

नाव ओठांवर होतं. ते घेतलं तर मागणीला वजन आलं असतं. मागच्या रांगेत त्या माणसाचा फोन वर झालेला तिला दिसला.

"नाव देणार नाही," ती म्हणाली. "तिच्या घरी लग्न आहे आणि ती गायला घाबरतेय. एवढं लिहा."

अध्यक्षांनी कारकुनाला तसं लिहायला सांगितलं.

बाहेर पायऱ्यांवर तो माणूस जवळ आला. "मॅडम, सरावली में रहते हो ना?" हसला आणि निघून गेला.

घरी तिने सगळं सांगितलं. विनोदने उठून आधी दाराची कडी लावली. मग म्हणाला, "लग्नाला मीपण येतो. एकटी जाऊ नकोस."

लग्नाच्या दिवशी दुपार कलली तरी मांडवात गाणं नव्हतं. बायका बुधीकडे बघायच्या आणि नजर वळवायच्या. भाग्यश्री तिच्याजवळ बसली.

"तितं माजं नाव इचारलं?" बुधीने हळूच विचारलं.

"विचारलं. मी सांगितलं नाही. पण आता काही होणार नाही असं मी म्हणू शकत नाही, बुधीबाय. मलाच खात्री नाही."

बुधी बायडीकडे बघत राहिली. मग उठली. "पोरीला आत आणा. दार लोटून घ्या."

ती अगदी खालच्या आवाजात गाऊ लागली. बायका तिला खेटून बसल्या. जिवल्या, विनोद आणि भाग्यश्री घरासमोरच्याच रस्त्याच्या वळणावर जाऊन उभे राहिले.

गाडीचा आवाज आला. जिवल्याने शीळ घातली आणि घरातलं गाणं तुटलं. पांढरी गाडी वळणावर हळू झाली. विनोदने भाग्यश्रीला मागे ओढलं. काचा काळ्या होत्या, आत कोण ते दिसेना. मग गाडी धूळ उडवत पुढे गेली.

घर गप्पच होतं. कोंबड्यांचा आवाजही मोठा वाटत होता. भाग्यश्रीला वाटलं, संपलं.

मग बुधीचा आवाज आला, पहिल्यापेक्षाही बारीक. तुटलेली ओळ तिने पुन्हा सुरुवातीपासून घेतली. तिघांपैकी कुणीही रस्त्यावरची नजर हटवली नाही.