डाव्या रिकिबीतलं पाऊल

मी रिकीब बोलतेय. डावी. खोगिराच्या कडेला चामड्याच्या वादीने लटकणारी लोखंडी कडी. माणसं माझ्यातच पाय ठेवून घोड्यावर चढतात, म्हणून उजवीपेक्षा मी जास्त झिजलेय.

लोहाराने मला भट्टीतून काढून पाण्यात बुडवलं तेव्हा मी चर्रकन ओरडले. तेवढाच काय तो माझा आवाज. माणसांचे चेहरे मला कधी नीट दिसले नाहीत, पण पाय कळतात. तोंडाने "मी कुठे घाबरतोय?" म्हणणाऱ्याची टाच माझ्यापाशी खरं बोलून जाते.

मी राहायचे तो तबेला घोडे वर्षाच्या कराराने द्यायचा. डोंगरावरच्या घरांना गाडीरस्ता नाही. दरीच्या कडेने नुसती पायवाट. तबेलेवाल्याची एक रीत होती. घोडा कुठलाही दाखवायचा असो, खोगीर मात्र आमचंच, वापरून मऊ पडलेलं. गिऱ्हाईक सुखाने बसलं की त्याला घोडाही गुणी वाटतो.

एकदा एक नवी नवरी आली. देखणा काळा घोडा बघून भुलली. पायात बिनटाचेच्या कोऱ्या चपला. रिकिबीत ठेवायचा तो फक्त चवडा. तिचं पाऊल घोट्यापर्यंत आत सरकलं. वाटेवरच्या मोडक्या फाटकापाशी घोडा बुजला. ती पडली, पण पाऊल सुटलं नाही. घोडा पळतच राहिला. मी पडले लोखंड, मला उघडता येत नाही.

तबेलेवाल्याने खोगीर धुतलं, उन्हात वाळवलं. "चांगली वस्तू का टाकायची?" म्हणाला. पाऊल काही धुऊन गेलं नाही. मी खुंटीवर असले तरी ते माझ्यात असायचं. वारा नसताना मी हलायचे. शेजारची उजवी मात्र गप्प.

मग ही आली. हिचंही लग्न नुकतंच झालेलं, बोलणं मोजकं. वरच्या शाळेत शिकवायला जायचं होतं; रोजची वाट दरीवरून. घोडा निवडण्यात चूक झाली तर दुसरी संधी नव्हती. सोबत नवरा आणि सासूबाई.

"कान बघ गं," सासूबाई म्हणाल्या. "घोड्याच्या मनातलं कानावर दिसतं."

"आई, मला बघायला आली तेव्हा हिने काय बघितलं असेल?" नवऱ्याने विचारलं.

"कानच. दुसरं आहे काय बघण्यासारखं?"

ती हळूच हसली. पहिला आला तो काळाच. तिने माझ्यात पाय घातला आणि थबकली.

"काय गं?"

"काही नाही. आत जागा कमी वाटतेय."

"नव्याने तसं वाटतं," तबेलेवाला घाईने म्हणाला.

काळा फाटकापाशी गेला, मान वळवून माझ्याकडे बघितलं, कान मागे पाडले आणि उधळला. तिने कसाबसा लगाम खेचून त्याला आवरलं. मग पांढरा. तो त्याच जागी लटलट कापू लागला, घामाने निथळला, पुढे पाऊल टाकीना. ती उतरून चालत परत आली.

"त्या फाटकापाशी काय झालं होतं?" तिने विचारलं.

"कुठे काय?" तबेलेवाला खोगिराचा पट्टा उगाच आवळत बसला.

"विचारतेय ती," सासूबाई म्हणाल्या. "सांगा."

"एकीचा पाय अडकला होता," तो खाली बघत म्हणाला. "याच रिकिबीत."

सासूबाईंचा आवाज चढला. "मग दुसरं खोगीर आणा आधी!"

"नको आई, हेच राहू दे." ती शांत होती. "पाय अडकला तर उभा कोण राहतो, तेच मला बघायचंय."

राहिली होती एक तांबूस घोडी. पोट सुटलेलं, खालचा ओठ लोंबणारा.

"ही तर थेट आपल्या आत्यासारखी," नवरा पुटपुटला.

"आत्याने निदान कुणाला पाडलं नाही," सासूबाई म्हणाल्या.

फाटकापाशी घोडी आपणहून थांबली. मान वळवून तिनेही माझ्याकडे पाहिलं. कान पुढे. नाकातून एक लांब श्वास सोडला आणि खांबासारखी उभी राहिली. डोळ्यावर माशी बसली तरी हलली नाही.

सून उजव्या बाजूने उतरली. तसं कुणी उतरत नाही. घोडीच्या तोंडापुढून वळसा घालून माझ्यापाशी आली, गुडघ्यावर बसली आणि मला दोन्ही हातांनी धरलं.

"निघ आता," ती हळूच म्हणाली. "घोडी उभी आहे. घाई नाही."

माझ्यात टाच वळली. घोटा सुटला, मग चवडा, शेवटी बोटं. कितीतरी काळाने मी रिकामी झाले आणि गार पडले.

परत येताना ती घोडीवर बसली नाही. लगाम धरून चालत आली, पण स्वतःच्या आणि घोडीच्या मध्ये एका माणसाची जागा सोडून. सासूबाईंनी ती जागा बघितली. त्या बाजूला झाल्या. तिघींना वाट द्यावी तेवढ्या.

"हीच," ती म्हणाली.

आता मी वरच्या घरी असते. खोगीर तिने मागून घेतलं, तबेलेवाल्यानेही ते सुटल्यासारखं देऊन टाकलं. घोडी दरीच्या वळणावर अजून थांबते, मागे बघते, मग चालू लागते.

तुम्ही कधी माझ्यासारखीत पाय घालाल, तेव्हा एवढं ऐका. जेवढ्याने चढता येतं तेवढंच पाऊल आत घाला. आणि घोडा निवडाल तो पळणारा नको, थांबणारा बघा.

सकाळी शाळेला निघताना ती अंगणात माझ्याजवळ येते. आजूबाजूला कुणी नाही ना, बघते. मग एक पाऊल मागे सरते आणि म्हणते, "आधी तू."

घोडी कान पुढे करते. वादी ताणली जाते. माझ्यात हलकंसं काहीतरी टेकतं.

फक्त चवडा.