रविवारचं चीज

चीजचा खडा तिच्या अंगठ्याच्या पेराएवढा होता, एका बाजूने चपटा, दुसऱ्या बाजूने फाटल्यासारखा, आणि काल होता त्यापेक्षा किंचित पिवळा. कडांना पाणी सुटलं होतं. गिस्लेनने तो दाढेखाली धरला, श्वास रोखला आणि हळूच चावला.

आवाज आला नाही.

काल दुपारी बारा वाजता, कारखान्यातून आणल्याआणल्या, याच पिशवीतला खडा कुईं करून वाजला होता, ओले रबरी बूट फरशीवर घासावेत तसा. सहा वाजता वाजला. आज सकाळी सातला नुसता कण्हल्यासारखा. आणि आता साडेअकरा. फ्रिजमध्ये तिने मुद्दामच ठेवला नव्हता. तिच्या लहानपणीही कुणी ठेवत नसे. तिने दुसरा खडा उचलला. तो वाजावा असं तिला फार वाटत होतं – एकसष्ट वर्षांची बाई, तीस वर्षं चीजच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत आम्लता मोजलेली, आणि स्वयंपाकघरात उभी राहून एका खड्याची विनवणी करते आहे.

दुसराही वाजला नाही.

कारण तिला पाठ होतं. ताज्या चीजमधले प्रथिनांचे धागे कॅल्शियममुळे एकमेकांना घट्ट धरून असतात, म्हणून दातांवर घासले की वाजतात; मग आम्लता वाढते, कॅल्शियम सुटत जातं, धागे ढिले पडतात. साधारण एक दिवस. जुलैच्या उकाड्यात त्याहून कमी. आणि आईची गोष्ट ज्या वर्षाची, त्या वर्षी आमचे पाद्रीबाबा रविवारी कारखान्याची भट्टी पेटवू देत नसत. गावात रविवारी चीज होतच नसे. म्हणजे रविवारी दुपारी गावात वाजणारं चीज नव्हतं... एवढंच. आणि आईची गोष्ट रविवारची.

“गिस! माझी निळी कॉलर कुठे ठेवलीस गं?” बाहेरच्या खोलीतून आईचा आवाज आला. फेर्नांद, शहाऐंशी वर्षं, आवाज अजून खानावळीच्या काउंटरवरचा. “ती नगरपालिकेची पोरगी बारा वाजता येणार. माझी गोष्ट टेप करणार आहे म्हणे. टेपला कॉलर दिसत नाही, माहीत आहे मला. पण मला दिसते ना!”

“खुर्चीवर आहे, आई.”

“आणि तिला सांग, नदीपलीकडच्यांचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही. म्हणे पुतीन आमच्याकडे आधी झाली! त्यांची ग्रेव्ही म्हणजे भांडी धुतलेलं पाणी. त्यात बटाटे पोहतात.”

गिस्लेन हसली. हसू आलं याचीच तिला भीती वाटली. आई अशी बोलते तेव्हा तिचे गाल लाल होतात, बोटं टेबलावर वाजतात. एरवी दिवसभर ती खिडकीशी बसून मक्याच्या शेताकडे बघते आणि जेवण झालं की नाही हे विचारते. त्या गोष्टीइतकं आता तिच्यात दुसरं काहीच घट्ट उरलेलं नाही. तो एक धागा ओढला तर – हृदय जपा, डॉक्टर म्हणाले होते, पण हृदयाची नव्हे मला भीती. मला भीती ती रिकामी होण्याची. आणि त्याहून लाजिरवाणी दुसरी भीती: ती माझ्याकडे बघेल, तसं.

तसं म्हणजे – उंच स्टूल, खाली न पोचणारे पाय, व्हिनेगरचा वास. सात वर्षांची गिस. शनिवारी आई आजीला बघायला शहरात जायची आणि काउंटर लोरेत आत्याकडे असायचं. आत्या, बाबांची लग्न न झालेली बहीण, लांब हातांची, कमी बोलणारी. ट्रकवाला म्हणाला, तळलेल्या बटाट्यांच्या पिशवीतच चीज टाक, मला घाई आहे. आत्याने टाकलं, मग थोडी थबकली, आणि गार होऊ नये म्हणून वर ग्रेव्हीची पळी ओतली. बुडाशी उरलेलं गिसला मिळालं. गरम, खारट, आणि दातांत कुईं. आत्या म्हणाली, “ऐक, बोलतंय!” संध्याकाळी आई आली, तेलकट पिशवी बघितली. “हा काय पुतीन केलास, लोरेत?” पुतीन म्हणजे आमच्या बोलीत गिचका. नाव आईचंच. तेवढं खरं आहे. शिवी होती, नाव झालं.

मग नऊ वर्षांनी वर्तमानपत्रवाला आला. तोवर रांगा लागत होत्या. आई सांगत होती, रविवारची गोष्ट, प्रार्थना सुटल्यावरची, तिच्या हातची – आणि खोटं बोलते आहे असं तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, तेच भयंकर होतं. “चीज कसं वाजत होतं! हो ना, गिस?” आणि बघितलं. सोळा वर्षांची मी, विज्ञानात पहिली आलेली, मनात तास मोजून झालेले. “हो,” मी म्हणाले. मोरीपाशी आत्या तळणीची जाळी घासत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. फक्त हात थांबले, किती... तीन सेकंद? चार? मग पुन्हा घासण्याचा आवाज. सफरचंदं झाडांवरून उतरवली तेव्हा ती गाव सोडून बसने निघून गेली.

आता ती चाळीस मिनिटांवरच्या वृद्धाश्रमात आहे. हिवाळ्यात गिस्लेन गेली तेव्हा तिथे जेवायला पुतीनच होती. आत्याने एक खडा चावला आणि ताटली बाजूला सारली. “मुकं आहे,” म्हणाली. बस, तेवढंच.

दार वाजलं. नगरपालिकेची मारीझ, चोविसेक वर्षांची, कपाळावर घाम. तिने टेपचं यंत्र टेबलावर ठेवलं, शेजारी एक कागद. “पुतीनच्या जन्माची पाटी पुढच्या आठवड्यात ओतायला जाते, मादाम फेर्नांद. तुम्ही सांगा, आणि साक्षीदार म्हणून इथे तुमच्या लेकीची सही. तुम्ही होतात ना तिथे?” तिने गिस्लेनकडे बघून विचारलं.

“होती म्हणजे? स्टुलावर!” आई म्हणाली. “नाकाला ग्रेव्ही लावून! घे, पोरी, सुरू कर तुझं.”

लाल दिवा लागला. आई सांगू लागली, त्याच क्रमाने, तेच शब्द, गाल लाल. गिस्लेन पेनाकडे बघत होती. जिभेवर अजून त्या खड्याची चव होती, आंबटसर, मऊ, काहीच न बोलणारी. नाडी शंभराच्या वर असणार. ती मोजू लागली, आणि मोजता मोजता तिच्या लक्षात आलं की भीती कमी होत नाहीये, होणारही नाहीये. पंचेचाळीस वर्षं ती कमी होण्याची वाट बघत बसली होती.

“...रविवार होता. चीज असं वाजत होतं दातांत! हो ना, गिस?”

आणि आईने बघितलं.

जणू त्याच स्टुलावरून पाय अजूनही जमिनीला पोचत नव्हते. तिने पेन खाली ठेवलं. आवाज निघाला तो बारीक, घासलेला, पण निघाला.

“शनिवार होता, आई. काउंटरवर आत्या होती.”