दोराने काढलेला बार

मयत असली की पाहुण्यांना जेवू घालावं लागतं, आणि पाहुणे समुद्राकडचे असले तर आम्हा डोंगरातल्यांकडून ताटात हरणाचं मांस लागतंच. माझा थोरला भाऊ तामाहोरे मराएच्या, म्हणजे आमच्या कुळाच्या आवारातल्या, सभाघरात पेटीत निजला होता. गावाकडचा रस्ता दरडीने बंद झालेला. आमची शिकारी पोरं आणि त्यांच्या चांगल्या बंदुका दरडीपलीकडे अडकलेल्या. पाहुणे मात्र समुद्राकडून तळ्याच्या वाटेने यायचे होते, त्यांची वाट मोकळी. दैव असंच असतं, नको तीच वाट उघडी ठेवतं.

मागे राहिली होती एक बंदूक, माझ्या बापाची. भाऊ तिची काडतुसं स्वतः भरायचा, दारू हात राखून घालायचा. म्हाताऱ्या बंदुकीला म्हाताऱ्याचाच घास, म्हणायचा. भाऊ गेला आणि त्याची काडतुसंही संपली होती. माझा जावई पाओरा त्याच्या गाडीत पडलेला दुकानातला नवा डबा घेऊन आला. काडतूस त्याच मापाचं, बंदुकीत अगदी नीट बसणारं.

"डब्यावर काय लिहिलंय?" मी विचारलं.

"जोर जास्त आहे, फक्त नव्या बंदुकांसाठी. असं लिहितातच, आई. उद्या अंगाशी येऊ नये म्हणून."

"कोणाच्या अंगाशी?"

तो नुसता हसला. धाकटी भावजय हुहाना बटाटे सोलत होती, तिला गप्प बसवेना.

"वन्सं, तुमच्या बापाची बंदूक कधी रिकाम्या हाताने परत आली नाही, हे तुम्हीच सांगता ना? त्या समुद्राकडच्यांच्या मयतीला आपण खेकडे चापले. उद्या त्यांना काय, बटाटे वाढायचे?"

सगळं स्वयंपाकघर ऐकत होतं. मी म्हणाले, "दोराने बार काढा. बंदूक टिकली तर पाओरा डोंगरावर जाईल."

आमचे म्हातारे असंच करायचे. बंदूक जुन्या टायरात घट्ट रोवायची, चापाला दोर बांधायचा आणि ट्रकच्या आडून ओढायचा. पाओराने ओढला. बार झाला, बंदूक शाबूत. बायकांनी टाळ्या पिटल्या.

पाओरा बोल्ट, काडतुसामागची लोखंडी खीळ, उघडायला गेला, तो हलेना. त्याने तळहाताने ठोकलं, मग सरपणाचं ढलपं घेऊन ठोकलं. कुरकुरत उघडला एकदाचा. रिकामी पुंगळी मी हातात घेतली. लिहिण्यावाचण्यात मी कच्ची, पण भावाच्या पुंगळ्या वेचण्यात माझा जन्म गेला. त्यांच्या बुडाची, बार पेटवणारी टोपी कडेने गोल असायची. ही चपटी झाली होती, जात्याखाली सापडल्यासारखी. आतल्या दाबाने लोखंडाला रेटलं होतं. आज लोखंडाने सोसलं. उद्या पाओराचा गाल त्याला टेकलेला असणार.

"जाऊ नकोस," मी हळूच म्हणाले.

"तुम्हीच म्हणालात, टिकली तर." त्यानेही आवाज खाली आणला. "आता मी नाही म्हटलं तर घाबरला म्हणतील, आई."

त्याच्या वरच्या ओठावर घाम होता. हे पोर माझ्या शब्दात अडकलं होतं आणि मी हुहानाच्या जिभेत. दोघांनाही सोडवणारं माणूस पेटीत निजलं होतं.

"दे इकडे."

मी बोल्ट ओढून काढला आणि घागऱ्याच्या खिशात टाकला. अंगणात गेले. "माझ्या बापाची बंदूक नासली. हरण मिळणार नाही. ईल मासे सोला."

"अहो, टिकली की," हुहाना म्हणाली.

"एकदा टिकली. तूही लग्नाच्या दिवशी गोडच बोलली होतीस."

बायका हसल्या. मला हसू आलं नाही. बापाच्या बंदुकीला मी भर अंगणात नावं ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना मासे, डुकराची हाडं, पाणभाजी आणि बटाटे वाढले. त्यांच्यातली एक म्हातारी ताट फिरवून फिरवून बघत होती. "डोंगरातली हरणंही रडायला गेली वाटतं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. तिची माणसं खाली बघून हसली. माझ्याकडे उत्तर होतं, चांगलं झणझणीत. पण ते दिलं असतं तर बंदुकीचं आणि त्या नव्या काडतुसांचं सगळं सांगावं लागलं असतं, आणि पाओरा तिच्या शेजारीच चहा ओतत होता.

मी ताटातला बटाटा मोडला. यजमानीण म्हणून जेवण संपेपर्यंत उठताही येईना. पाओरा किटली घेऊन माझ्यापाशी आला, कप भरला. मग वर पाहिलं. शिकार हिरावली म्हणून माझ्यावर रागावलेले त्याचे दोन्ही डोळे शाबूत, जागच्या जागी होते.

"साखर घाल," मी म्हणाले.