तिसरं कुलूप

ऑपरेटर बाई पाणी प्यायला उठल्या आणि काकांनी त्यांच्या स्क्रीनकडे मान वळवली.

बघत राहण्याचाच त्यांना पगार मिळत होता म्हणा ना. परीक्षेच्या प्रश्नपत्रिका ज्या खोलीत टाइप होत, तिथले ते कारकून. खोलीत माणसं दोनच. बाई टाइप करणार, काका तपासणार. दाराला दोन कुलपं होती, म्हणून छापखान्यातली मंडळी त्यांना पाठीमागे ‘तिसरं कुलूप’ म्हणत. काकांच्या ते कानावर आलं होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडलंही होतं.

स्क्रीनच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, एक बारकं चिन्ह आलं होतं. पेन ड्राइव्ह लावला की येतं तेच.

या खोलीत पेन ड्राइव्ह आणायलाच बंदी होती. संगणकाच्या प्रत्येक खाचेवर कागदी पट्टी चिकटवलेली आणि तिच्यावर दोघांच्या सह्या. त्यांनी घाईघाईने माउस हलवला, चिन्हावर दाबलं. ‘सुरक्षितपणे काढा’, आणि खाली इंग्रजी अक्षरं-आकड्यांचं लांबलचक नाव. म्हणजे काहीतरी लावलेलं होतं आणि ते काढून नेता येणार होतं!

बाई परत आल्या. काका आपल्या जागेवर, हातात लाल पेन, चेहऱ्यावर काही नाही.

“काय काका, दमलात का? घाम आलाय.”

“पंखा कमी आहे जरा,” काका म्हणाले.

इथेच त्यांनी विचारायला हवं होतं. ‘बाई, हे काय आलंय हो?’ एवढं एकच वाक्य. नऊ वर्षं दोघं एकाच टेबलावर डबा खात होते. काकांच्या बायकोच्या आजारपणात बाईंनी दोन महिने स्वतःच्या डब्यात त्यांच्यासाठी जास्तीच्या पोळ्या आणल्या होत्या. पण संशय एकदा मानगुटीवर बसला की डब्यातल्या पोळ्याही पुरावा वाटायला लागतात. एवढं गोड वागायचं कारण काय? परवा बाई आल्या आल्या हसल्या का? आणि त्यांच्या बहिणीचा मुलगा यंदाच परीक्षेला बसलाय, हे त्यांनी आपण होऊन का सांगितलं? लपवायचं असतं तर सांगितलं असतं का, हा प्रश्न काकांना पडलाच नाही. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी पट्ट्यांवरच्या सह्या भिंगातून तपासल्या. बाईंच्या सहीतली शेवटची रेघ त्यांना जरा लांब वाटली.

तीन वाजता ते साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

साडेतीनला बाईंना बोलावणं आलं. चौकशी होईपर्यंत त्यांनी बाहेरच्या हॉलमध्ये पाकिटं चिकटवायची, असं ठरलं. कारण कोणी बोललं नाही, पण गोपनीय खोलीतलं माणूस हॉलमध्ये बसलं की छापखान्यात सांगावं लागत नाही. बायंडर लोकांनी माना खाली घातल्या. चहावाल्याने त्यांच्यापुढे कप ठेवताना एरवीची थट्टा केली नाही.

दुसऱ्या दिवशी कंप्यूटर दुरुस्तीवाला आला. दोन मिनिटं बघून हसायलाच लागला.

“काका, ही आतलीच डिस्क आहे. पेटीत स्क्रूने बसवलेली. हिला कोण काढून नेणार?”

“मग ‘काढा’ असं का म्हणतोय तो?”

“सोमवारी मी मदरबोर्ड बदलला नाही का? नव्या बोर्डात एक सेटिंग चालू येतं, चालू मशीनमधून डिस्क काढता यावी म्हणून. त्यामुळे विंडोजला आतली डिस्कही बाहेरची वाटते. सेटिंग बंद केलं, की चिन्ह गेलं.”

“नक्की?”

“तुमच्याही मशीनचा बोर्ड बदललाय की त्याच दिवशी. बघा.” त्याने काकांच्या स्क्रीनवरचा बारका बाण दाबला. आत तेच चिन्ह लपून बसलं होतं. “आता तुम्हालाही हॉलमध्ये बसवायचं का?”

तो गमतीत बोलला. काकांना तोंडात मारल्यासारखं झालं. चार दिवस स्वतःच्या स्क्रीनकडे त्यांनी एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

साहेब म्हणाले, “शिपायाला सांगतो, बाईंना बोलवून घेईल.” काका म्हणाले, “नको, मी जातो.” हॉल ओलांडताना त्यांना सगळ्यांच्या नजरा टोचत होत्या. काल याच नजरा बाईंना टोचल्या असणार, हेही त्यांना आत्ताच सुचलं. बाईंच्या बोटांना खळ लागली होती.

“बाई, चूक झाली. मशीनमधलाच दोष होता.” काका थांबले. “साहेबांना मीच सांगितलं होतं.”

“माहीत आहे,” बाई पाकीट दुमडत म्हणाल्या. “खोलीत आपण दोघंच होतो.”

त्या आल्या. बसल्या. भूगोलाचा अर्धा राहिलेला पेपर पुरा केला, एकही चूक न करता. काकांनी तपासून सही केली.

पाच वाजता बाईंनी संगणक बंद केला आणि पर्स घेऊन सरळ काकांच्या टेबलाशी आल्या. चेन उघडून एकेक वस्तू मांडू लागल्या. चष्म्याचं घर, कंगवा, रुमाल, सांध्यांना लावायचं मलम, घराची किल्ली. डबा काढला, त्याचं झाकणही उघडून ठेवलं.

“बाई, हे कशाला? असा काही नियम नाही.”

“बघून घ्या, काका.”

“नको हो. लाजवू नका.”

“मी थांबते.”

त्या खरोखरच थांबल्या. आवाजात राग नव्हता, टोमणा तर नव्हताच. काकांनी शेवटी एकेक वस्तू पाहिली. डब्याच्या कडेला पोळीचा तुकडा चिकटला होता.

“झालं?”

“झालं.”

बाईंनी सगळं परत भरलं, “येते,” म्हणाल्या आणि गेल्या.

पुढच्या दिवशीही तसंच. त्याच्या पुढच्याही. काकांनी दोनदा हात जोडले, मग तेही सोडून दिलं. आता पाचला पाच मिनिटं कमी असली, की ते टेबलावरचे कागद उचलून एका बाजूला ठेवतात, आणि बाईंच्या डब्याएवढी जागा मोकळी करून खाली मान घालून बसतात.