फौजदाराचा निकाल

भरमूचा कोंबडा फौजदार रविवारी रश्श्यात पडणार, हे त्याच्या बायकोनं, बाळाबाईनं ठरवून टाकलं होतं. जावई खासबागेतनं जेवायला येणार, आणि कोंबडा म्हणजे नुसता बांग देण्याचा धनी. "खातोय दोघांचं, काम एकाचंबी न्हाय," ती म्हणायची. भरमू हातापाया पडला तेव्हा शेवटी ती एवढंच कबूल झाली: खुडूक कोंबडीखालच्या सात अंड्यांतलं एक तरी पिल्लू फौजदाराचं निघालं, तर त्याला जीवदान.

शनिवारी पिल्लं बाहेर आली. पारख करायला मारुतीराव आला. सगळ्या बेळगुंदीत कोंबड्यांतलं त्याच्याइतकं कुणाला कळत नाही, आणि हे तो स्वतःच सांगतो. त्यानं बुट्टीतलं एकेक पिल्लू उचलून उलटंपालटं केलं.

"सातीच्या साती उघड्या मानेची! शेजारच्या आक्काताईचा कोंबडा बघ, मानेवर पीस न्हाय. बाप त्योच."

"आणि पायावरली पिसं?" भरमू कळवळला. "फौजदारागत हाईत की!"

"तुझ्या कोंबडीच्याबी पायावर हाईत. ती आईची."

बाळाबाईनं सुरी दगडावर घासायला घेतली.

खरी गोष्ट ठाऊक होती ती भरमूलाच. गेल्या महिन्यात बाळाबाई चार दिवस लेकीकडं गेलती. जाताना राखेत जपलेली सात अंडी दाखवून, "कोंबडी खुडूक झालीया, एवढी बसवा," असं बजावून गेलती. घरात बायको नाही, बाहेर गार वारं. भल्या माणसानं दोन दिवसांत सातींची आम्लेटं केली. मग बिंग फुटू नये म्हणून आक्काताईकडनं गुपचूप सात अंडी आणून बसवली. आता बोलावं तर आपली मान जाणार, गप्प बसावं तर फौजदाराची.

तेवढ्यात फौजदार पायाशी आला आणि मान तिरकी करून मालकाकडं बघायला लागला. भरमूला भरून आलं.

"थांब गं!" तो ओरडला. "ती अंडी आपली न्हाईतच! आपली मी खाल्ली. ही आक्काताईच्या कोंबड्यांची!"

सुरी थांबली. मारुतीरावानं डोकं खाजवलं.

"मग मान आईची झाली की. आक्काताईच्या कोंबड्याबी उघड्या मानेच्याच. आणि पायावर पिसं तर तिच्याकडं कुणालाच न्हाईत." त्यानं फौजदाराकडं आदरानं बघितलं. "ह्याचीच रं ही. सातीच्या साती!"

भरमूनं कोंबडा उचलून छातीशी धरला.

"म्हंजे," बाळाबाई सावकाश म्हणाली, "कोंबडा भिंत ओलांडून आक्काताईच्या परड्यात, आणि मालक अंडी मागायला तिच्याच दारात. छान चाललंय तुमचं दोघांचं!"

रविवारी जावई वांग्याचा रस्सा ओरपत होता आणि सासरा उन्हात परड्याची भिंत दोन हात उंच करत होता. फौजदार शेजारी उभा राहून देखरेख करत होता. शेवटची वीट बसली तसा त्यानं पंख झाडले, भरमूच्या खांद्यावर पाय दिला आणि पलीकडं उतरला.